पन्नासची की पस्तीसची?

वाशीमसारख्या गावात कॅमेऱ्याचं दुकान चालवून माणसाचा संसार होऊ शकतो, यावर माझ्या सासऱ्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. दिवाळीला आले की ते दुकानात चक्कर मारत, काचेच्या कपाटात ओळीने मांडलेल्या लेन्सकडे पाहत आणि विचारत, "जावईबापू, याच्यासंग आनखी काय इकता तुमी?" मी बॅगा, बॅटऱ्या, अल्बम, मेमरी कार्डं अशी नावं घेतली की त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. संसार झाला, आणि चांगला झाला. आता दुकान माझी पुतणी अश्विनी सांभाळते. मी सकाळी जाऊन एका खुर्चीत बसतो. अश्विनीच्या मते मी गिऱ्हाइकांना उगाच बोलत बसवतो. माझ्या मते त्यालाच दुकानदारी म्हणतात.

दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा, असं सांगण्यात आलं तेव्हा पहिल्यापासून सगळं लिहायचा बेत होता. फिल्मचे रोल, पासपोर्ट फोटो, मग डिजिटल, मग मोबाइल. पण ते लिहायला बसलो आणि मलाच जांभया यायला लागल्या. म्हणून एकच गोष्ट सांगतो. ती एका लेन्सची आहे, आणि ती लेन्स निवडणाऱ्या बाईंची.

आधी थोडा धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डीएसएलआर कॅमेरा म्हणजे तो मोठा काळा कॅमेरा, ज्याची लेन्स काढून दुसरी लावता येते. विकत घेताना त्याच्यासोबत एक झूम लेन्स येते. कडं फिरवलं की लांबचं जवळ दिसतं, जवळचं लांब जातं. सोयीची असते, पण तिचं तोंड आतून अरुंद असतं, उजेड कमी घेते. संध्याकाळ झाली किंवा माणूस घरात शिरला की फोटो हलायला लागतात. मग लोक फ्लॅश मारतात आणि घरातली सगळी माणसं पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतात.

यावर एक स्वस्त आणि साधा उपाय आहे. झूम न होणारी लेन्स. तिला प्राइम म्हणतात. तिच्यात फिरवायला झूमचं कडं नाही. जवळचं हवं असेल तर आपण जवळ जायचं, लांबचं हवं असेल तर मागे सरकायचं. पण तिच्या आतली खिडकी मोठी असते. लेन्सवर १.८ असा आकडा लिहिलेला दिसला की समजायचं, ही कमी उजेडातही काम करणार. आकडा लहान तेवढी खिडकी मोठी. हे उलटं गणित गिऱ्हाइकाला पटवताना माझे केस पांढरे झाले.

कामरगावचे विलासभाऊ लग्नाचे फोटो काढतात. मी त्यांना पहिल्यांदा ही लेन्स दाखवली तेव्हा त्यांनी ती तळहातावर ठेवली आणि दुःखी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "गजाननभाऊ, येवढुशी लेन्स लावून मांडवात गेलो तं लोक म्हनतीन, याचा अर्धा कॅमेरा घरी राह्यला." त्यांची अडचण खरी होती. मांडवात फोटोग्राफरची किंमत लेन्सच्या लांबीवर ठरते. मी लेन्सवर एक भलंमोठं हूड चढवून दिलं. हूड म्हणजे आडवं ऊन अडवण्यासाठी लेन्सच्या तोंडावर बसवायचं काळं कडं. लेन्स एकदम दुप्पट दिसायला लागली. विलासभाऊ खूश होऊन गेले. पुढच्या हंगामात पेढे घेऊन आले, कारण हळदीचे फोटो त्यांनी फ्लॅशशिवाय काढले होते आणि नवरीच्या आईला ते फार आवडले होते. हूड मात्र आजतागायत काढलेलं नाही.

तर अशी लेन्स घ्यायची ठरली की दोन-चार गोष्टी बघाव्या लागतात. आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्याला ती बसते का. काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या पोटात फोकस करणारी मोटर नसते, तेव्हा ती लेन्समध्ये आहे का. जुनी घेत असाल तर टॉर्च मारून आत पाहायचं. आमच्याकडच्या पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. एवढं झालं की शेवटचा आणि खरा प्रश्न येतो. पन्नासची घ्यायची की पस्तीसची? हे मिलिमीटरचे आकडे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स साधारण आपल्या डोळ्याला दिसतं तसं दाखवायची, म्हणून तिला स्टँडर्ड म्हणायचे. पण आताच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये चित्र टिपणारा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असतो. त्यामुळे त्यावर पन्नासची लेन्स जरा ओढून जवळ आणल्यासारखं दाखवते, आणि पूर्वी जे पन्नास करायची ते आता पस्तीस करते. पन्नासची जास्त स्वस्त असते, सगळीकडे मिळते आणि चेहरे सुंदर काढते. त्यामुळे जगातले सगळे लोक सांगतात, पन्नास घ्या. मीसुद्धा तेच सांगत असे.

मग शोभाताई आल्या.

वाशीमला लागूनच त्यांचं ओलिताचं वावर, म्हणजे शेत, आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हंगामाप्रमाणे टमाटे. रोज सकाळी भाजी घेऊन बाजारात बसतात. मी त्यांच्याकडून बरीच वर्षं भाजी घेत होतो, पण त्या माझ्या गिऱ्हाईक होतील असं कधी वाटलं नव्हतं. एक दिवस बाजार आटोपून त्या दुकानात आल्या, पिशवीतून सांभाराच्या दोन जुड्या बाहेर काढून काउंटरवर ठेवल्या आणि खालून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा काढला. मुलगा अक्षय पुण्याला नोकरीला गेला होता. तो नवा कॅमेरा घेणार होता, म्हणून हा घरीच ठेवून गेला होता.

"पडूनच होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, पाहू तं खरं."

पाहता पाहता त्यांना नाद लागला होता. त्यांनी काढलेले फोटो त्यांनी मला मागच्या पडद्यावर दाखवले. बांधावरची बकरी, पाण्याचा पाट, उन्हात चमकणारी वांगी. चांगले होते. मग एकामागून एक हललेले, काळपट फोटो आले. सगळ्यांत एकच म्हातारी बाई होती. त्यांच्या सासूबाई, अंजनाबाई. रोज पहाटे त्या घरातल्या एका कोपऱ्यात बसून मेथीच्या जुड्या बांधत. शोभाताईंना तोच फोटो हवा होता. फ्लॅश मारला की म्हातारी डोळे मिटायची आणि वर शिव्या द्यायची. फ्लॅश नाही मारला की हे असं.

"मले तो फट्कन् उजेड नाई पाह्यजे," त्या म्हणाल्या. "त्याइच्या हातावर जसा उजेड पडते ना, तसाच पाह्यजे."

इतकं स्पष्ट मागणं माझ्याकडे कधी कोणी केलं नव्हतं. मी लगेच पन्नासची लेन्स लावून दिली आणि म्हटलं, माझाच काढून बघा. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, मग मागे सरकल्या, आणखी मागे सरकल्या. आमचं दुकान बोळासारखं आहे. दाराची पायरी उतरून त्या रस्त्यावर गेल्या, मागून एका ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे मी त्यांच्या चौकटीत मावलो. फोटो झकास आला. पण शोभाताईंना शंका आली. त्यांचं घर माझ्या दुकानाएवढंच होतं आणि मागे सरकायला भिंत होती.

तेव्हा मी त्यांना एक युक्ती सांगितली. ती कोणालाही सांगतो, फुकट आहे. तुमच्याजवळ जी झूम लेन्स आहे, तिच्या कड्यावर अठरापासून पंचावन्नपर्यंत आकडे आहेत. कडं पस्तीसवर आणायचं आणि त्यावर चिकटपट्टी लावून टाकायची. काही दिवस तसंच वापरायचं. मग पट्टी काढून पन्नासवर लावायची. कमी उजेडाचं काम काही होणार नाही, पण आपण माणसांपासून किती लांब उभं राहतो, ते आपल्यालाच कळतं. शोभाताईंनी आकडे दोनदा पाहून घेतले, कॅमेरा लुगड्यात गुंडाळला आणि गेल्या. सांभाराच्या जुड्या राहिल्याच.

आठवडाभराने आल्या तेव्हा लेन्सवर पट्टीचा चिकटा होता आणि मुलगा फोनवर होता. अक्षय मला पुण्याहून समजावत होता की काका, आईला पन्नासचीच द्या, चेहरे काय येतात तिच्यावर. तो बरोबरच सांगत होता. मी शोभाताईंकडे पाहिलं. त्यांनी फोन घेतला आणि मुलाला म्हणाल्या, "अक्षय, तू खोलीत एकटा राह्यतं, तुले एक तोंड पुरते. माह्या घरात फोटोत मानसं मावले पाह्यजे." पलीकडून अक्षयच्या हसण्याचा आवाज मलाही ऐकू आला. मग म्हणाला, "घे बाई, पस्तीसची घे."

माझ्याकडे एक वापरलेली पस्तीसची होती. टॉर्च मारून दाखवली, मोटर फिरवून दाखवली. पहिल्या आठवड्यात त्या जवळजवळ रोज यायच्या, तक्रार घेऊन. म्हातारीचं नाक स्पष्ट येतं आणि डोळे पुसट. त्याला कारण होतं. खिडकी पूर्ण उघडी ठेवली की स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद होतो, बोटभर. मी सांगितलं, एक माणूस असेल तर डोळ्यावर फोकस धरायचा. दोघं असतील तर आकडा थोडा वाढवायचा, म्हणजे खिडकी थोडी लोटायची. दहा असतील तर आणखी लोटायची आणि उजेडात न्यायचं. हे त्यांच्या लक्षात पटकन बसलं. मग एक दिवस अंजनाबाईंचा फोटो घेऊन आल्या. कोपऱ्यात बसलेली म्हातारी, मांडीवर हिरवी मेथी, दाराच्या फटीतून आलेला उजेड बरोबर बोटांवर. मी तो अश्विनीला दाखवला. तिने तो मोठ्या कागदावर छापून दुकानात लावू का, असं विचारलं. शोभाताई म्हणाल्या, त्याइले इचारते. म्हातारीने परवानगी दिली, पण त्या दिवशी नवं लुगडं नेसायला काहून सांगितलं नाही, म्हणून रुसली.

आता लग्नाकडे येतो.

शोभाताईंच्या बांधाला बांध लागून नामदेवरावांचं वावर आहे. त्यांची मुलगी पूजा, तिचं लग्न ठरलं. नामदेवराव कमी बोलणारे. त्यांनी मला विचारलं, चांगला फोटोग्राफर सांगा, आणि मी विलासभाऊंचं नाव सांगितलं. लग्न घरासमोरच्या मांडवात, मुहूर्त दुपारचा. मला आग्रहाचं बोलावणं होतं. सकाळी मांडवात पोचलो, चहा हातात घेतला आणि विलासभाऊंचा फोन आला. त्यांची जीप मंगरूळपीरच्या अलीकडे बंद पडली होती. दुसरी गाडी बघत होते, पण मुहूर्तापर्यंत पोचतील याची खात्री नव्हती. आवाज रडवेला होता. मी चहा खाली ठेवला.

नामदेवरावांना सांगणं भाग होतं, कारण नाव मीच दिलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नसू द्या मग. मोबाइलवर काढतीन पोरं." आणि वळून जेवणाच्या पत्रावळी मोजायला गेले. पण एकच गठ्ठा ते पुन्हा पुन्हा मोजत होते, ते मी पाहिलं.

तेवढ्यात मांडवातला डीजेवाला कुठलीशी वायर कुठेतरी जोडत होता आणि घरातला फ्यूज उडाला. नवरी ज्या खोलीत तयार होत होती तिथे अंधार झाला. आतून बायकांचा कल्ला ऐकू आला. मोबाइलवर फोटो निघण्याचीही आशा संपली.

शोभाताई तिथेच होत्या, हिरवं लुगडं नेसून, वाढपाच्या घाईत. कॅमेरा त्यांनी आणला होता, पण पूजाचे दोन-चार फोटो काढावेत एवढ्यासाठीच. मी त्यांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"भाऊ, मी घरच्या मानसाइचे काढते," त्या म्हणाल्या. "हे लगन हाय. हुकलं तं परत नाई होनार."

मी म्हटलं, "आज इथं परकं कोण आहे?"

तरी त्या ऐकेनात. शेवटी खोलीतून पूजाच बोलली. दार अर्धं उघडं होतं, तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "काकू, तुमीच काढा. तुमच्यापुढे मले लाज नाई वाटत."

शोभाताईंनी पदर खोचला.

कॅमेरा चालू केला तर बॅटरी अर्धीच. त्या कंपनीची दुसरी बॅटरी दुकानातही त्या दिवशी नव्हती, अश्विनीला फोन करून पाहिलं. मी म्हटलं, एकच मार्ग आहे. मागचा पडदा बंद ठेवायचा, काढलेला फोटो पाहायचा नाही. बॅटरी पडदाच खातो. शोभाताई म्हणाल्या, मग निंगाला का नाई ते कसं समजन? मी म्हटलं, घरी गेल्यावर. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बी पेरल्यावर रोज उकरून थोडीच पाह्यतो आपन."

त्या खोलीला एकच खिडकी होती, वावराकडची. शोभाताईंनी आत शिरताच पूजाचा स्टूल उचलून खिडकीजवळ ठेवला आणि मेकअप करणाऱ्या मुलीला म्हणाल्या, तू इकळून कर. खोली इतकी लहान की पन्नासची लेन्स असती तर त्यांना खिडकीतून बाहेर जाऊन वावरात उभं राहावं लागलं असतं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पूजाची आई तिच्या कपाळावर मुंडावळ्या बांधत होती, गाठ बसत नव्हती, आई पुटपुटत होती, पोरगी हसू दाबत होती. शोभाताईंनी तिला बघ म्हटलं नाही, हास म्हटलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग शटरचा एक आवाज, आणि थोड्या वेळाने आणखी एक. मी दारात उभा होतो. इतक्या वर्षांत मी हजारो लेन्स विकल्या असतील, पण ती वस्तू कामाला लागलेली इतक्या जवळून फार कमी वेळा पाहिली होती. दुकानदाराचं हे असंच असतं. माल दाराबाहेर गेला की त्याचं पुढे काय झालं ते कळत नाही. याचं मला थोडं वाईट वाटत आलं आहे.

मग मांडव. मांडवात खरी परीक्षा होती, कारण झूम नाही. फोटोग्राफर लांब उभा राहून जवळचा फोटो काढतो, तशी सोय इथे नव्हती. शोभाताईंना गर्दीत शिरावं लागलं. पण ज्या बाई पंधरा वर्षं बाजारात गिऱ्हाइकांशी घासाघीस करतात त्यांना गर्दीची काय भीती. "सरका जराकसे," असं म्हणत त्या सरळ पाटापर्यंत गेल्या. निम्म्या पाहुण्यांना त्यांची भाजी माहीत होती, ते हसून सरकले. भटजींनी मात्र हात दाखवून मागे व्हायला सांगितलं. शोभाताई म्हणाल्या, "म्हाराज, मी मांगं गेले तं फोटोत तुमीच येता, नवरी नाई येत." मांडवात हशा पिकला. भटजीही हसले आणि पाट थोडा सरकवून बसले.

माझ्या मनात मात्र एक धास्ती होती. मांडवाचं कापड केशरी होतं. ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे टमाट्यासारखे दिसत होते. फोटोत ते तसेच येणार होते. शोभाताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्यांना गाठून सांगणं शक्य नव्हतं.

विलासभाऊ तेव्हा पोचले. कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, गळ्यात दोन कॅमेरे, एकावर ते भलंमोठं हूड, अंगभर धूळ. शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. मला वाटलं, आता हे धावत पाटाजवळ जातील आणि शोभाताईंना बाजूला करतील. लग्नातल्या जागेवरून फोटोग्राफरची भांडणं झालेली मी पाहिली आहेत. विलासभाऊ दोन पावलं पुढे गेलेही. मग थांबले. शोभाताई नवरानवरीपासून हातभर अंतरावर गुडघ्यावर बसल्या होत्या, डोक्यात अक्षता पडल्या होत्या, आणि पूजा त्यांच्याकडे पाहून मनमोकळी हसत होती. विलासभाऊंनी वर केशरी कापडाकडे पाहिलं. ते फिरून मांडवाच्या उत्तरेकडच्या बाजूला गेले, तिथल्या कनातीच्या दोऱ्या सोडल्या आणि ती जाड कनात दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरली. पांढरा, मऊ उजेड आत आला आणि बरोबर त्या दोघांच्या चेहऱ्यांवर पडला.

"काकू, काढा आता," ते तिथूनच म्हणाले.

हार घालून होईपर्यंत त्यांनी कनात खाली केली नाही. नंतर मी त्यांना विचारलं की तुम्ही स्वतः का नाही काढले. म्हणाले, "माह्यापुढे ते पोरगी फोटोतल्यासारखी उभी राह्यली असती." त्यानंतरचे सगळे घोळक्याचे फोटो, जेवणावळी, व्याही, आजोबा-आजी, हे त्यांनी त्यांच्या झूमवर झपाट्याने काढले. मुहूर्ताला नव्हतो म्हणून मोबदला घेणार नाही, असं सांगत होते. नामदेवरावांनी त्यांचं ऐकलं नाही. पाठवणीच्या वेळीही कॅमेरा विलासभाऊंच्याच हातात होता. शोभाताईंची बॅटरी तोवर जीव धरून होती, पण त्या रडत होत्या, आणि रडताना फोकस जमत नाही, हे त्यांचंच म्हणणं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे नामदेवरावांकडे जमलो. अश्विनीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. फ्यूज बसवून झाला होता. शोभाताई सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसल्या होत्या, परीक्षेचा निकाल असल्यासारख्या. एकही फोटो त्यांनी पाहिलेला नव्हता.

पहिला फोटो पूर्ण काळा होता. दुसऱ्यात माझ्या चपला होत्या. तिसऱ्यात स्टुलाचा पाय. कोणीतरी खाकरलं. आणि मग चौथा आला.

खिडकीचा उजेड पूजाच्या अर्ध्या चेहऱ्यावर. मुंडावळ्यांची गाठ बांधणारे आईचे दोन हात. आईचे ओठ आवळलेले, आणि पोरगी खालच्या मानेने, हसू गालात धरून. बाकी खोली मऊ, अंधारात विरघळलेली. पूजाच्या आईने पदर तोंडाला लावला. अंजनाबाई पुढे सरकून टीव्हीजवळ गेल्या, बोट लावून पाहिलं आणि सुनेकडे वळून म्हणाल्या की तुले नवं लुगडं घेऊन देते.

सगळे काही असे नव्हते. काहींत नवरदेवाचा कान स्पष्ट होता आणि नवरदेव पुसट. एकात भटजींच्या हाताने अख्खी नवरी झाकली होती. पण ज्यात साधलं होतं त्यात फारच साधलं होतं. एक फोटो नामदेवरावांचा होता. विधी चालला होता, सगळ्यांची नजर हातांवर होती, आणि मागे नामदेवराव वाकून मुलीच्या पाटाखाली दुमडलेलं पोतं सारत होते, पाट डुगडुगू नये म्हणून. मांडवात कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नसावं.

"हे कदी काढलं?" त्यांनी विचारलं.

शोभाताई दारातून म्हणाल्या, मी जवळच होते ना.

नामदेवराव थोडा वेळ टीव्हीकडे पाहत राहिले. मग पाण्याची मोटर बंद करायची आहे म्हणून उठून वावरात गेले. मोटर चालू नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ते परत येईपर्यंत अश्विनीने पुढचा फोटो लावला नाही.

त्या लग्नानंतर शोभाताईंना बोलावणी यायला लागली. बारसं, डोहाळजेवण, एकदा मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून साखरपुडा. त्या जातात, पण बाजार आटोपल्यावरच. विलासभाऊ आता मोठं काम असलं की त्यांना सोबत नेतात. म्हणतात, घरातले फोटो काकूइचे, मांडवातले माहे. आणि माझ्याकडे कोणी स्वस्तातली एकच लेन्स मागायला आलं, तर मी आता आकडा सांगत नाही. आधी विचारतो, तुमचं घर केवढं आहे, आणि फोटो कोणाचे काढणार? अश्विनी म्हणते की यामुळे विक्रीला दुप्पट वेळ लागतो. लागू दे.

लग्नानंतर काही दिवसांनी अल्बममध्ये कोणते फोटो घ्यायचे ते विचारायला मी शोभाताईंच्या वावरात गेलो होतो. त्या वांगी तोडत होत्या. कमरेला बांधलेल्या ओट्यात, म्हणजे तोडलेली भाजी टाकायच्या झोळीत, फोन वाजला. हात मातीचे, म्हणून त्यांनी मलाच तो काढून लाउडस्पीकरवर लावायला सांगितलं. सासरहून पूजा होती. अश्विनीने तिला फोटो पाठवले होते. ती आधी काहीच बोलेना. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता, बायका बोलत होत्या. शोभाताईंना वाटलं, काही बिघडलं.

"पूजा, कसे आले वो? खराब आले का?"

"नाई काकू," ती म्हणाली. "इथं सगळ्याइनं पाह्यले. माह्या सासूबाई म्हनल्या, मेकअप केलेल्या साऱ्या पोरीइचे फोटो सारखेच दिसतात." ती थांबली. "पन काकू, याच्यात मी माह्यासारखी दिसून राह्यली."

शोभाताईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर मातीचा एक ओरखडा होता आणि त्या अशा हसत होत्या की मला पहिल्यांदाच वाटलं, आत्ता माझ्या हातात कॅमेरा हवा होता. मग त्या पूजाला म्हणाल्या की जेवून घे, संध्याकाळी बोलू, आणि वाकून पुढच्या झाडाची वांगी तोडायला लागल्या.